तारेसकट ढलपी

संपादकांनी हा लेख आधी मीनाताईला मागितला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी मला सांगायला नको. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'उद्याचं शहर: जुना वारसा आणि विजेवरची वाहनं' असा आहे म्हणे. आमचं काही शहर नाही. वरवट बकालहून सातपुड्याकडे निघालं की वाटेत लागणारं एक गाव. पण आमच्या रामाच्या रथाला बॅटरीची मोटार बसली, तिचे फोटो मोबाइलवरून कुठं कुठं पोचले, आणि संपादकांचा फोन आला तो थेट मीनाताईला. ती त्यांना म्हणाली, "मले लिहिता नाई येत साहेब. आमच्या मिस्तरीकाकाईले विचारा. रथाचं समदं त्याईलेच मालूम हाय."

म्हणजे लेखसुद्धा मला तिच्या ताटातला उरलेला मिळाला. मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, तिनं कोणाकडून लिहून घेतला आणि तो छापून आला, तर मी दिवाळीचा फराळ गोड लागू देणार नाही, स्वतःलाही आणि घरच्यांनाही.

आमची शकुंतला मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून जळकुकडा म्हणते. पहिल्या वर्षी तिला माझा स्वभाव कळला नव्हता एवढंच.

मी सुतार, आणि सुतारांतही बंडीचा सुतार. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. ज्यांनी लाकडी चाक होताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मधोमध तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पाटे, आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडाची धाव. ही धाव चाकापेक्षा जराशी लहान करायची. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवली की फुगते. तशीच उचलून चाकावर बसवायची. लाकूड पेटतं, धूर होतो, बाया-पोरं लांब पळतात, आणि आपण घागरीनं पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळे सांधे असे धरते की पुढं वीस पावसाळे चाक बोलत नाही. चाक बोलणं म्हणजे कुरकुरणं. माझी चाकं बोलत नसत, हे पंचक्रोशीत कोणालाही विचारा. विचारायला आता थोडेच उरलेत.

मग टायरच्या बंड्या आल्या. लोखंडी कणा, रबरी चाक, आणि सुताराचं काम फक्त वरच्या फळ्यांपुरतं. स्टँडवरच्या वेल्डिंगवाल्यापुढे शेतकऱ्यांची रांग लागायला लागली, तेव्हा मी घरी जायचा रस्ता बदलला. लांबून जायचो, पण ती रांग बघायची नाही. पुढं बंड्याच गेल्या, ट्रॅक्टर आले. मी दारं, खिडक्या, दिवाण करू लागलो. मग प्लायवूडवाल्याचं दुकान निघालं, आणि मी आणखी एक रस्ता बदलला. शकुंतला म्हणायची, "गावातले रस्ते सरले न, मंग तुमी घरी कसे येसान?"

पण एक काम असं होतं की ज्यात माझ्या वाटेला कोणी जात नव्हतं. ते म्हणजे रामाचा रथ.

आमचा रथ सागवानी, तीन मजली, वर कळस. खाली चार भरीव लाकडी चाकं, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढी. चैत्रात रामनवमीला तो देवळातून निघतो, बाजारातून फिरतो, आणि दिवस मावळायच्या आत परत येतो. गावातले गडी दोन दोरांना धरून त्याला ओढतात. आता गंमत अशी की या रथाला वळवायची सोय नाही आणि थांबवायचीही नाही. ना दांडी, ना ब्रेक. ज्यांनी बांधला त्यांना रामावर भरवसा असेल, किंवा आमच्या घराण्यावर. कारण ही दोन्ही कामं मोगरीनं होतात आणि मोगरी आमच्या घराण्याकडे आहे.

मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची पाचर, मागं लांब दांडा. रथ चालत असताना मोगरीवाला चाकाच्या बाजूनं चालतो. रथ डावीकडे वळवायचा असला की पुढच्या डाव्या चाकाखाली मोगरी सारायची. डावं चाक अडतं, उजवं पुढं जातं, आणि सगळा डोलारा हळूहळू डावीकडे तोंड करतो. थांबवायचा असला तर दोन्ही चाकांखाली. उशिरा लावली तर रथ भिंतीत जातो आणि लवकर लावली तर दोरवाले तोंडावर पडून तुमच्या सात पिढ्या काढतात. माझ्या वडिलांनी मला हे तोंडानं कधी शिकवलं नाही. दांडा हातात दिला आणि म्हणाले, "चाकाकडं पाह्य, माह्याकडं नको पाहू."

चाकाखाली गेली की मोगरी चावली जाते. एवढं ओझं वरून गेलं की बाभळीचं लाकूडसुद्धा चिरतं, दबतं, त्यावर चाकाचा दात उमटतो. या चावलेल्या मोगरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ढलप्या काढतो आणि मागायला येईल त्याला देतो. पैसे घेत नाही. समजूत अशी आहे की ज्या लाकडानं रामाला आवरलं, ते घरातलं काहीही धावतं आवरतं. पाळण्याला बांधली तर पोर झोपेत दचकत नाही. विहिरीच्या रहाटाला बांधत होते, नंतर पंपाला बांधू लागले, आता मोटारसायकलच्या हँडलला बांधतात.

मागणारेही एकेक नमुने. डोणगावचा एक अडत्या दरवर्षी यायचा. त्याचा मुलगा दर पावसाळ्यात नवा धंदा काढायचा आणि हिवाळ्यात बंद करायचा. ढलपी हातात घेऊन तो अडत्या म्हणाला, "एवढीशीनं नाई भागत मिस्तरी, त्याले अख्खी मोगरी लागते." सोनाळ्याचे एक मास्तर तर ढलपी परत करायला आले होते. स्कूटरला बांधली तरी स्कूटर म्हशीवर गेली, अशी तक्रार. मी विचारलं, ब्रेक दाबला होता का? तर म्हणाले, "ढलपी होती न, मंग ब्रेक काऊन दाबू?" मी त्यांना दुसरी ढलपी दिली आणि ती ब्रेकला बांधायला सांगितली.

हसू नका. नवमीनंतरची ती सकाळ म्हणजे माझं सगळं वर्ष. शकुंतला पहाटेच ओटा सारवून ठेवते. लेकुरवाळ्या येतात, म्हातारे येतात, ज्यांनी माझ्याकडून एक पाट कधी करून घेतला नाही तेही येतात, आणि हात जोडून उभे राहतात. एका सकाळी मी कोणावर जळत नाही, ती हीच.

आता मुख्य गोष्ट. गेल्या काही वर्षांत दोराला माणसं कमी झाली. जवान पोरं पुण्याला, संभाजीनगरला, सुरतेला. नवमीला रजा मिळत नाही. गेल्या वर्षी बाजाराच्या उतारावर रथ दोरवाल्यांच्या अंगावर यायला लागला. मागून धरायला माणसं नव्हती. मी मोगरी लावली, ती उडाली. दुसरी लावली, तिचा दांडा माझ्या पोटऱ्यांवर बसला आणि मी पडलो. तिसरी पडल्या पडल्या सरकवली, तेव्हा रथ एका किराणा दुकानाचा पत्रा फाडून थांबला. रामाच्या कृपेनं कोणी दगावलं नाही. मला मात्र लोक उचलून नेत होते तेव्हाही वाटत होतं, की पाहिलं का, शेवटी मोगरीनंच थांबवला.

रथ समितीचे अध्यक्ष नानासाहेब मात्र वेगळंच पाहून बसले होते. बैठकीत म्हणाले, "यंदा बिरेक नाई त रथ नाई. मले कोनाची हाडं नाई मोजायची."

कोणी ट्रॅक्टर सुचवला. रामाला उसाच्या ट्रॉलीसारखं ओढायचं आणि तोंडावर धूर सोडायचा, हे म्हाताऱ्यांना पटेना. तेव्हा मागून मीनाताई उभी राहिली. "बॅटरीवर चालवता येईन. धूर नाई, आवाज नाई. मी करून पाह्यतो," असं तिनं म्हटलं. आमच्याकडे बायाही 'करतो'च म्हणतात.

मीनाताई म्हणजे स्टँडजवळचं, आमच्या गल्लीच्या तोंडावरचं मोटारीचं दुकान. शेतातल्या पंपाची मोटार जळाली की तिच्यातली तांब्याची तार काढून नवी भरायची, हा तिचा धंदा. दुकान तिच्या नवऱ्याचं. त्याचे हात कापू लागले, तर तो खुर्चीत बसून सांगे आणि ती भरे. आता तो काही सांगत नाही, नुसता पाहतो. वरवटपर्यंत चालणाऱ्या बॅटरी रिक्षा बिघडल्या की तिच्याकडेच येतात. एक तिची स्वतःचीही आहे. त्या दुकानापुढची गर्दी मी पाहिली होती. तो रस्ता बदलायचा राहिला होता, कारण आमच्या घराला खरंच दुसरा रस्ता उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती रथघरात आली, टेप घेऊन. मी आधीच जाऊन बसलो होतो.

"काका, पोटाखालून एक चौकट लावतो. तिले दोन रबरी चाकं, दोनाले दोन मोटारी. एक मोटार धीमी केली का त्या बाजूनं रथ वयते. बंद केली का जाग्यावर उभा."

"लाकडाले भोक पाडलं त मी सांगून ठेवतो."

"एक बी भोक नाई पाडत. पट्ट्यायनं आवयून धरतो. लाकूड तुमचं हाय, मले मालूम नाई का?"

खरं सांगतो, तिनं एक तरी भोक पाडावं अशी माझी फार इच्छा होती. पाडलं असतं तर मी गाव डोक्यावर घेतलं असतं. पण बाईनं पट्टीखाली सायकलची जुनी ट्यूब कापून घातली, म्हणजे सागवानावर ओरखडाही उठू नये. रोज संध्याकाळी मी कंदील घेऊन रथाखाली शिरायचो आणि ओरखडा शोधायचो. शकुंतला विचारायची, "काई सापडलं का?" वर त्याच दमात सांगायची, की मीनाताईनं आपलं मिक्सर दुरुस्त करून दिलं, आता कसं मऊ वाटते.

मला मोटारीचं दुःख नव्हतं. हिशेब सरळ होता. मोटारीनं रथ वळला तर मोगरी चाकाखाली जाणार नाही. चाकाखाली गेली नाही तर चावली जाणार नाही, चावली नाही तर ढलपी नाही, आणि ढलपी नाही तर त्या सकाळी माझ्या ओट्यावर कोण येणार? टायरवाल्यानं बंडी नेली, प्लायवूडवाल्यानं दारं नेली. ही बाई माझी सकाळ न्यायला निघाली होती, आणि तेही मला काका म्हणून.

नवमीला मी नेहमीसारख्या नव्या मोगऱ्या केल्या. धोतर नेसलो, फेटा बांधला, आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ उभा राहिलो. मीनाताई रथाच्या मागं, हातात मोटारी चालवायचा चपटा डबा, त्याला वायर. दोर ठेवले होते, पण ओढायला नाही, धरायला. म्हाताऱ्या बाया आणि शाळेची मुलं दोराला हात लावून चालत होती. दोर सैल.

रथ हलला तेव्हा आवाज आला नाही. मी इतकी वर्षं त्या चाकाजवळ चाललो, पण दरवेळी कानात गड्यांच्या आरोळ्या आणि ढोल. यंदा रथ नुसता निघाला, आणि वरून एक बारीक किणकिण ऐकू आली. मी वर पाहिलं. कळसाखालच्या झालरीला पितळी घुंगरं आहेत. दर नवमीच्या आधी मी ती चिंचेनं घासतो. ती वाजतात हे मला माहीत नव्हतं. ओसरीवरून एक म्हातारी म्हणाली, "माय, रामाची घुंगरं आयकू येऊन राह्यली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाठोपाठ असा जीव जळला म्हणता. माझ्या रथाची घुंगरं, मी घासलेली, आणि गावाला ऐकवली कोणी, तर तिनं.

शाळेच्या कोपऱ्यावर मोगरी लागतेच. मी दांडा पुढं करून वाकलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत चाक घसटत घसटत वळून गेलं. एका दमात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजाराच्या उतारावर रथ मधोमध थांबला, तिनं मुद्दाम थांबवून दाखवला. किराणावाल्यानं नव्या पत्र्याखाली उभं राहून तिला नमस्कार केला. मी पूर्ण वाटभर मोगरी हातात घेऊन चाललो, लग्नात फुगलेल्या मामासारखा, आणि जशी नेली तशी कोरी मोगरी घरी आणली.

सकाळी उठलो तर शकुंतलेनं ओटा सारवलेला.

"काऊन सारवला?"

"दरसाल सारवतो म्हनून."

"यंदा कोनी नाई येत."

मी आत जाऊन पडून राहिलो. ऊन ओट्यावर आलं तसा बाहेर आवाज झाला. वरवट बकालची एक सून, कडेवर पोर, सोबत सासू. पोर रात्रभर दचकते, ढलपी पाहिजे. मी बाहेर येऊन मोगरी दाखवली. म्हटलं, "बाई, ही चावलीच नाई. हिची ढलपी काढली त ती चुलीतल्या लाकडासारखीच. तुले खोटं देऊ का?"

ती उठली नाही. आणखी माणसं आली. मी त्यांनाही तेच सांगितलं. तेही बसले. लोकांना वाटत असावं, मिस्तरी रुसला आहे, थोडा वेळ बसलं की देईल. रुसलो होतोच, पण देण्यासारखं खरंच काही नव्हतं.

तेवढ्यात मीनाताई आली. तीही चपला काढून ओट्याच्या कडेला बसली, मागणाऱ्यांत.

"तुले काय पायजे?" मी विचारलं. आवाज बरा नव्हता.

"ढलपी. रिक्शाले बांधतो. आजवर मांगायची हिंमत नाई झाली."

"तुले कायले लागते ढलपी? काल त अख्खा रथ उभा केला तू. टाळ्या भेटल्या."

तिनं पदर सारखा केला. "टाळ्या कालच्या काल सरल्या काका. इतक्या वर्षायपासून मी मोटारी भरून राह्यली. पानी येते, पीक येते. माह्या मोटारीची तार कोनी पायन्याले बांधली का आजवर? दरसाली नवमीच्या सकायी मी दुकानातून तुमचा ओटा पाह्यतो. लय जीव जयते माहा."

शकुंतला दारात उभी होती, ती पदराआड हसली. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जातीचं माणूस भेटलं होतं. सुताराच्या जातीचं म्हणत नाही मी. जळणाऱ्यांच्या.

मी मोगरी उचलली, लाकूड तासायचा वाकस कमरेला खोचला. "चाल. डबा घेतला का?"

रथ अजून देवळापुढेच उभा होता. पाठोपाठ सगळा ओटा आला. मी डाव्या चाकापुढे बसलो, मोगरी सारली, दांडा धरला. "हं. चालव. हयू, घाई नको करू."

मोटार हुंकारली. चाक मोगरीला टेकलं, अडलं, आणि मग वर चढलं. बाभूळ बोलली. इतक्या शांततेत मी ते लाकूड चिरताना कधी ऐकलं नव्हतं. चाक वरून गेलं, पलीकडे टेकलं, आणि तिनं रथ जागच्या जागी उभा केला.

मी मोगरी बाहेर ओढली. चाकाचा दात असा उमटला होता, सरळ आणि खोल, की दोर ओढणाऱ्या गड्यांकडून कधी उमटला नाही. तिथंच वाकस घेऊन मी ढलप्या काढल्या. पहिली वरवटच्या सुनेला दिली. बांधायला तिच्याजवळ दोरा नव्हता. मीनाताईनं कमरेच्या पिशवीतून तांब्याची तार काढली, ढलपीला दोन वेढे दिले, वर एक बारीक गाठ मारली आणि ती पोराच्या हातात दिली. उन्हात तार चमकली. पोर हसलं.

बस, तिथंच घात झाला. मागच्या म्हातारीनं हात पुढं केला आणि मला म्हणाली, "मले बी तशीच दे मिस्तरी. तारीसकट."

मग सगळ्यांनाच तारेसकट पाहिजे. मीनाताईनं आपली ढलपी सगळ्यांत शेवटी घेतली. तिला मी स्वतः निवडून, चाकाचा दात पूर्ण उमटलेला तुकडा दिला. हे लिहितो, कारण संपादक हा लेख तिला वाचायला देतील.

नवमी होऊन आता सहा महिने होत आले, तरी अजून कोणी ना कोणी ढलपी मागायला येतं. परवा डोणगावचा अडत्या आला. मी ढलपी दिली, तर उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "तार कुठी हाय?" म्हणून मी आता घरात तारेचं वेटोळं ठेवतो. मीनाताईच्या दुकानातून आणत नाही. एसटीनं खामगावला जाऊन आणतो. संध्याकाळी ओट्यावर बसून गाठ मारून पाहतो. शकुंतला बघते आणि आत जाते.

तिच्यासारखी गाठ अजून बसत नाही.